डोंगर मध्ये की काठावर

1638 साली बेंगळुरूचा किल्ला केंपेगौडांच्या हातून आदिलशाही फौजेकडे गेला आणि तिथे शहाजीराजांचे ठाणे बसले. पुणे-सुप्याची जहागीर त्यांच्याकडे होतीच. एकाच घराच्या ताब्यात असे दोन मुलूख आले, आणि ते एकमेकांपासून जितके लांब तितकेच स्वभावानेही वेगळे होते. बेंगळुरूचा मुलूख म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरचे पठार. तिथे बारमाही मोठी नदी नाही, उतार मंद, आणि शेती तळ्यांच्या साखळीवर पोसलेली. पुण्याच्या पश्चिमेचा मावळ याच्या अगदी उलट. सह्याद्रीच्या कण्यातून पूर्वेकडे सोंडा फुटलेल्या, दोन सोंडांच्या मधे एक नदी, नदीच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरीचे उतार आणि त्याच्याही वर कडा. धनी एक, कारकुनी रीत एक, माणसेही पुष्कळदा तीच. तरी कारभाराचा पाया दोन्हीकडे वेगळा राहिला. मला या वेगळेपणात एक मोठा पुरावा दिसतो. सत्ता, भाषा आणि दप्तर सारखे असूनही कारभाराचा घटक बदलत असेल, तर त्या बदलाचे कारण जमिनीतच शोधावे लागते. आणि डोंगराळ मुलखापुरते बोलायचे तर हा शोध एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबतो: हद्द आखताना डोंगर कुठे ठेवायचा, मध्ये की काठावर? मावळाने तो काठावर ठेवला होता. शिवाजी महाराजांनी तो मध्ये आणला. पुढच्या राज्यकर्त्यांनी कारभाराचे केंद्र सपाटीला, सडकेच्या आणि लोहमार्गाच्या कडेला नेले, आणि डोंगर कोणाच्याच नजरेसमोर राहिला नाही. या तीन टप्प्यांत मधला टप्पा सर्वांत विचारपूर्वक होता, असे माझे मत आहे.

मावळ हा शब्दच दिशेचा आहे. सूर्य मावळतो ती बाजू. 'बारा मावळ' हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी असला तरी ही बारा नावे कोणती याच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एखाद्या यादीत पौडखोरे आणि मुठेखोरे येते, दुसरीत कानदखोरे, मोसेखोरे, वेळवंडखोरे. कुठे हिरडस मावळ, गुंजण मावळ, पवन मावळ, कुठे आंदर मावळ आणि नाणे मावळ. यावरून कोणी म्हणेल की हे घटक मुळात पक्के नव्हतेच, नंतरच्या बखरकारांनी आणि इतिहासप्रेमींनी त्यांना आकार दिला. हा आक्षेप आकड्यापुरता मान्य करावा. 'बारा' हा आकडा आपल्या भाषेत बारा बलुत्यांसारखा, पुरेपणा सांगणारा आहे. पण यादीतले एकेक नाव घेऊन नकाशावर बोट ठेवले की संशय उरत नाही. मुठेखोरे मुठेचे, मोसेखोरे मोसीचे, कानदखोरे कानंदीचे, गुंजण मावळ गुंजवणीचे, वेळवंडखोरे वेळवंडीचे, पवन मावळ पवनेचे. नाव नदीचे आहे आणि हद्द पाणलोटाची आहे. सिंहगडापासून पुरंदराकडे जाणारी भुलेश्वराची रांग घ्या. तिच्या उत्तरेला पडलेला पाऊस मुठेत जातो, दक्षिणेला पडलेला नीरेत, आणि खोऱ्यांची नावे त्याच रेघेवर बदलतात. लोकांनी बारा मोजली की अठरा, याने त्या रेघेला काही फरक पडत नाही.

डोंगराची धार हद्द म्हणून का टिकली, याचे कारण पावसात आहे. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या वर. घाटमाथ्यालगतच्या खोऱ्यांत पावसाळ्याचे चार महिने डोंगराची धार ओलांडणे जिवावरचे काम होते. त्या काळात माणसाला एकच वाट मोकळी, ती नदीच्या ओघाने खाली, पूर्वेला. भात बाजाराला जाई तो त्याच वाटेने, आणि सारा गोळा होई तोही खोऱ्याच्या तोंडाशी. म्हणून एका खोऱ्यातली वीस-तीस गावे एकमेकांना जितकी ओळखत तितकी पलीकडच्या खोऱ्यातल्या, हवाई अंतराने जवळच्या गावांना ओळखत नसत. सोयरीक होत असे, खिंडीतून येणे-जाणेही होते. पण सीमेचा तंटा, पाण्याचा तंटा, वतनाचा तंटा हा खोऱ्यातल्या गोतसभेपुढे जाई. न्यायाची हद्द आणि पाण्याची हद्द एक होती.

या हद्दीवर देशमुखी बसली. मोसेखोऱ्यात पासलकर, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, कानदखोऱ्यात मरळ, मुठेखोऱ्यात मारणे, रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे. देशमुखाच्या जोडीला हिशेबाचा देशपांडे; बाजीप्रभू हे हिरडस मावळातले असेच देशपांडे. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मधे मोगलांचे वारे वाहून गेले; खोरे आणि त्याचा देशमुख जागच्या जागी राहिले. इथे एक दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. 1659 मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूने वतनावर पाणी सोडून उभे राहिले आणि खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. दोघेही एकाच रोहिडखोऱ्याचे. मग खोरे हा राजकारणाचा घटक होता असे कसे म्हणायचे? मला वाटते, या घटनेचा अर्थ उलटा आहे. खोरे वाटून घेता येण्यासारखे असते तर दोन घराण्यांनी ते केव्हाच अर्धे-अर्धे केले असते. एका नदीचे पाणी, एका तोंडाची वाट आणि एक गोत असल्यामुळे त्यांना सगळे किंवा काहीच नाही अशा पणाला लागावे लागले. भांडण कशासाठी होते हे पाहिले की घटक कोणता हे कळते.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. खोऱ्याचे तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतली सगळी रयत. देशमुख वाडा बांधी, त्याला हुडे घाली, शिबंदी ठेवी, आणि सरकारी सारा देण्याच्या नावाखाली हवे ते वसूल करी. सभासदाने आपल्या बखरीत हे स्पष्ट लिहिले आहे, आणि ती बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, ते दिवस पाहिलेल्या माणसांच्या आठवणी ताज्या असताना लिहिलेली आहे. दादोजी कोंडदेवांनी या मावळांत पुंडांना मोडले, पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून चढत्या साऱ्याचा इस्तावा दिला, हेही आपल्याला ठाऊक आहे. हिरडस मावळचे कृष्णाजी बांदल हे त्यांच्या कडक बंदोबस्ताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पण दादोजींनी माणसे बदलली वा वठणीवर आणली. घटक त्यांनी खोरेच ठेवला. डोंगर अजून काठावरच होता.

तो मध्ये आला राजगडाच्या बांधणीने. या किल्ल्याची जागा नीट पाहावी, कारण माझ्या मांडणीचा सगळा भार त्या जागेवर आहे. उत्तरेला गुंजवणीचे खोरे, दक्षिणेला वेळवंडीचे. पश्चिमेला तोरणा, सुमारे 1400 मीटर उंचीचा, तोही अशाच धारेवर, कानदखोऱ्याच्या आणि वेळवंडखोऱ्याच्या मधे. शतकानुशतके जी धार दोन देशमुख्यांची हद्द होती, तिच्याच माथ्यावर महाराजांनी राजधानी नेली आणि पाव शतक तिथून राज्य चालवले. वाडा खोऱ्याच्या तळाशी होता तोवर सत्तेची नजर एका खोऱ्यापुरती होती. गड धारेवर गेल्यावर एकाच कारभाऱ्याला दोन-तीन खोरी दिसू लागली आणि कोणताही एक देशमुख त्याची वाट अडवू शकेना. हद्द होती तीच केंद्र झाली. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी, एकाच्या हाती सगळे जाऊ नये म्हणून वेगवेगळ्या जातींचे आणि एकमेकांवर लक्ष ठेवणारे. गडाच्या घेऱ्यात रामोशी, बेरड, महार, कोळी यांच्या चौक्या. त्याच वेळी खाली देशमुखांचे हुडे-कोट पाडले गेले, त्यांचा हक्क ठरीव झाला, आणि वसूल महालकरी-सुभेदारांकडे गेला. महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांनी पाच हात पाच मुठींच्या काठीने जमीन मोजली. वीस काठ्या लांब-रुंदीचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असा दर सभासदाने सांगितला आहे. या सुधारणा आपण सहसा वेगवेगळ्या शिकतो: किल्ले एका प्रकरणात, महसूल दुसऱ्यात, वतनदारी तिसऱ्यात. मावळच्या जमिनीवर उभे राहून पाहिले तर ती एकच गोष्ट आहे. खोऱ्याचे तोंड धरून बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून कारभार वर नेल्याशिवाय काठी खाली फिरली नसती.

यात बेंगळुरूचाही एक धागा आहे. कान्होजी जेधे हे शहाजीराजांच्या चाकरीत कर्नाटकात होते. 1648 च्या जुलैत जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटका झाली आणि त्या सुटकेपायी कोंढाणा आदिलशाहीला परत द्यावा लागला. जेधे घराण्याच्या करीन्यात असे सांगितले आहे की सुटकेनंतर शहाजीराजांनीच कान्होजींना मावळात मुलाकडे धाडले. रोहिडखोऱ्याचा देशमुख बेंगळुरूच्या दरबारातून परत येतो तो केवळ आपल्या खोऱ्याचा माणूस म्हणून येत नाही. एका दूरच्या, सपाट मुलखातला कारभार पाहून येतो. मावळचे देशमुख आपल्या डोंगरांपलीकडचे काही जाणत नव्हते, असे समजणे चुकीचे होईल.

गड ही लष्करी जागा, तिला कारभाराचे केंद्र म्हणणे हा ओढूनताणून लावलेला अर्थ आहे, असे कोणी म्हणेल. तोफखान्याचे दिवस बदलल्यावर गड निकामी झाले, मग त्यांच्यावर बसवलेला कारभारही संपला असला पाहिजे. याला भोर संस्थान हे उत्तर आहे. राजाराम महाराजांच्या काळातले सचिव शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला, इंग्रजी अमलात त्याचे सुमारे 925 चौरस मैलांचे संस्थान झाले आणि 1948 मध्ये ते विलीन झाले. या संस्थानाच्या तालुक्यांची नावे पाहा: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवन मावळ. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. गडांवर तोफ डागायला कोणी उरले नव्हते तेव्हाही चार तालुके चार डोंगरांच्या नावाने चालत होते आणि एक खोऱ्याच्या नावाने. लष्करी उपयोग संपल्यावरही शंभराहून अधिक वर्षे जे टिकले ते कारभाराचेच अंग होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांना राज्याचा आधार म्हटले आहे आणि वतनदारांना गोंजारून पण मुठीत ठेवावे असे बजावले आहे. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली की त्यांचा एकमेकांशी संबंध उमगतो.

डोंगराच्या नावाने जिल्हे बांधण्याचा जगातला प्रसिद्ध प्रयोग मात्र फ्रान्सचा मानला जातो, आणि तुलनेसाठी तो फार उपयोगी आहे. 1789 च्या क्रांतीनंतर जुने प्रांत मोडून सारख्या आकाराचे देपार्तमाँ करायचे ठरले. पहिली योजना तर देशावर चौकटीची जाळी टाकून चौरस कापायची होती. ती टिकली नाही. 1790 च्या सुरुवातीला 83 देपार्तमाँ ठरले ते बरेचसे जुन्या सीमा आणि जमीन पाहून, आणि सरंजामी नावे पुसण्यासाठी त्यांना नद्यांची व डोंगरांची नावे दिली गेली. दक्षिणेतल्या झेव्होदाँ या गरीब, डोंगराळ प्रदेशाचे नाव गेले आणि तिथे लोझेर आला, 1699 मीटर उंचीच्या माँ लोझेर या डोंगरावरून. या देपार्तमाँचे वैशिष्ट्य असे की त्यातून पाणी तीन बाजूंना जाते. लॉत आणि तार्न पश्चिमेला गारोनकडे, आलिए उत्तरेला ल्वारकडे, आणि सेव्हेन पर्वतातले ओढे आग्नेयेला ऱ्होनकडे, म्हणजे भूमध्य समुद्राकडे. डोंगर नुसता नावाला नव्हे, खरोखर मध्यभागी ठेवलेला. पण कचेरी ठेवली ती लॉतच्या काठी, माँद या जुन्या बिशपच्या गावी. आणि 1800 मध्ये नेपोलियनने नेमलेला प्रेफे, म्हणजे जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, तिथे राहू लागला तो पॅरिसचा माणूस म्हणून. सेव्हेनच्या खोऱ्यांतले प्रोटेस्टंट, ज्यांनी 1702 ते 1704 या काळात राजाच्या फौजेशी डोंगरांत लढा दिला होता, त्यांच्या वाटा दक्षिणेला उतरत होत्या आणि त्यांची कचेरी डोंगरापलीकडे उत्तरेला होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या देपार्तमाँत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार लोक होते. आज ऐंशी हजारांच्याही आत आहेत, साऱ्या फ्रान्समध्ये सर्वांत कमी. ही घसरण केवळ हद्दीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. रेशमाच्या किड्यांचा रोग, शहरांची ओढ, युद्धे, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण राजगडाशी तुलना करताना एक फरक दुर्लक्षित करता येत नाही. लोझेरमध्ये डोंगर कागदावर मध्ये आला, अधिकारी मात्र खालीच राहिला. राजगडावर अधिकारी स्वतः वर राहत होता. त्याला पाऊस तोच, वाट तीच, टंचाई तीच.

इंग्रजी अमलात मावळचे केंद्र पूर्वेला सरकले. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटातून ती मुंबईला जोडली गेली, आणि जे गाव लोहमार्गाच्या वा सडकेच्या कडेला तेच कचेरीला सोयीचे ठरले. मावळ तालुक्याची कचेरी वडगावला, मुळशीची पौडला. हिशेबाला हे सोपे आहे आणि सपाटीवरच्या माणसाला न्याय्यही. पण याच काळात खोऱ्याला एक वेगळीच ओळख मिळाली, पाण्याच्या साठ्याची. 1879 मध्ये खडकवासला, 1928 मध्ये वेळवंडीवर भाटघर, नंतर पानशेत, वरसगाव, पवना, टेमघर, नीरा-देवघर. भाटघरचे पाणी भोर संस्थानातल्या खोऱ्यात साठले आणि कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला गेले. मुळशीत तर टाटांच्या धरणाने पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याला उतरवले आणि त्याची वीज मुंबईला दिली. 1921 ते 1924 मधला मुळशी सत्याग्रह, सेनापती बापटांचा, याच्याविरुद्ध होता. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पाणी जुन्या हद्दीनेच, अंबी-मुठेच्या ओघाने, पुण्यात आले. अभियंत्याने खोरे हा घटक कधीच सोडला नव्हता, कारण त्याला तो सोडता येत नाही. महसूल खात्याने सोडला. ज्या हद्दीत पाणी अडवायचे त्या हद्दीत माणसांचे म्हणणे ऐकायची जागाच उरली नाही, म्हणून खोरी बुडाली तेव्हा त्यांच्या वतीने बोलणारी एकही कचेरी नव्हती. मुळशीत लोकांनी स्वतः सत्याग्रह उभा केला याचे महत्त्व मला त्यामुळेच मोठे वाटते.

एक उणीव मात्र कबूल केली पाहिजे, आणि ती तिन्ही टप्प्यांना लागू आहे. धारेवरच राहणारी माणसे, गवळी-धनगरांचे वाडे, कोळ्यांच्या वाड्या, यांना ना खोऱ्याच्या देशमुखाने मोजले, ना नंतरच्या तालुक्याने नीट मोजले. डोंगर काठावर ठेवला की काठावरची माणसे कोणाचीच राहत नाहीत. गडाच्या घेऱ्याने त्यांतल्या काहींना चाकरी दिली आणि दप्तरात नाव दिले, ही त्या व्यवस्थेची आणखी एक जमेची बाजू. तरी धनगराची चराई आणि वनखात्याची हद्द यांचे भांडण आजही मिटलेले नाही. आणि आजच्या कारभाराला खोरी फार लहान पडतील, रुग्णालय आणि महाविद्यालय वीस गावांसाठी काढता येत नाही, हेही खरे. पण माझा मुद्दा आकाराचा नाही. चार खोऱ्यांचा एक तालुका करा, दहांचा करा. रेघ ओढताना ती कुठून ओढता आणि कचेरी कुणाच्या वाटेवर ठेवता, एवढेच विचारायचे आहे.

सपाट मुलखात हा प्रश्न सुटतो असे समजू नये. बेंगळुरूच्या पूर्वेकडच्या मारतहळ्ळीचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या पाण्याकडे पाहावे. बेळ्ळंदूर तळ्याचा सांडवा वर्तूर तळ्यात जातो, वर्तूरचा दक्षिण पिनाकिनीत, आणि तेच पाणी तमिळनाडूत तेनपेण्णै म्हणून उतरते. मारतहळ्ळी गाव महसुलाच्या दृष्टीने वर्तूर होबळीत, म्हणजे या साखळीतल्या एका तळ्याच्या नावाच्या घटकात. होबळी हा शब्द आपल्याकडे नाही. आपण महसूल मंडळ म्हणतो. तळ्यांच्या मुलखात गावे तळ्याभोवती बांधली जावीत यात नवल नाही. शहाजीराजांच्या काळात इथल्या शेतीचा जीव तळ्यांतच होता. पुढे याच गावावर एकावर एक रेघा आल्या: बेंगळुरू दक्षिण तालुका, मग पूर्व तालुका, महादेवपुरा नगरसभा, 2007 मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिका, 2025 मध्ये शहराच्या पाच पालिका झाल्यावर पूर्व पालिका. रेघ बदलायला सपाटीत काहीच आड येत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर, मारतहळ्ळी-बेळ्ळंदूरच्या पट्ट्यात, पाणी साचून ट्रॅक्टरने माणसे हलवावी लागली, तेव्हा ते पाणी प्रभागाच्या हद्दीने चालले नव्हते. ते बुजवलेल्या ओढ्यांच्या वाटेने, तळ्याकडून तळ्याकडे चालले होते. मावळात जे काम डोंगराची धार करते ते इथे एक-दोन मीटरचा उतार करतो. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून तो विसरणे अधिक सोपे आणि अधिक महाग. इथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या खरेदीखतातली होबळी आणि सर्व्हे नंबर वाचून, जुन्या नकाशावर ओढा कुठून जातो हे एकदा पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मावळाकडे परत येऊन हे संपवतो. लोकसंख्येने पुणे जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका वेल्हे. त्याच्या हद्दीत भुलेश्वर रांगेच्या दोन्ही बाजू येतात. उत्तरेला पानशेत-वरसगावची, मुठेकडे वाहणारी खोरी, दक्षिणेला कानंदी-गुंजवणीची, नीरेकडे वाहणारी. पानशेतच्या बाजूच्या माणसाला तालुक्याला जायचे तर पाबे घाट चढून उतरावा लागतो, नाहीतर पुण्याच्या अंगाने लांबचा वळसा. लोझेरसारखाच हा डोंगर मध्ये ठेवलेला तालुका, आणि लोझेरसारखीच त्याची कचेरी एका बाजूच्या खोऱ्यात. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नाव योग्य आहे, भोरच्या जुन्या तालुक्याचेही ते होते. कचेरी मात्र वेल्ह्यातच आहे, कानदखोऱ्यात, तोरण्याच्या पायथ्याशी.